ऐकण्याआधी तबक

मिरजेच्या अंकुर केंद्रात ‘श्रोता’ येऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली असतील. नाव भारदस्त, पण दिसायला अगदीच किरकोळ. पोळ्यांच्या डब्याएवढा पांढरा ठोकळा, वर काचेचं झाकण, समोर एक हिरवा दिवा. केतकी गुरवनं तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला वाटलं, कर्नाटकातून लोक गाड्या करून येतात ते याच्यासाठी? मग तिनं मनातल्या मनात स्वतःलाच दटावलं. खरे श्रोते असेच असतात. मांडवात खांबाला टेकून डोळे मिटून बसतात, झोपलेत की काय असं वाटावं. आणि गाणाऱ्याचा एक सूर हलला की नेमके त्यांचेच डोळे उघडतात.

केतकीला ही माणसं चांगली ठाऊक होती. तिच्या सासूबाई, गोदाक्का गुरव, पंचक्रोशीतल्या नावाजलेल्या कीर्तनकार. नारदाच्या गादीवर अक्का उभ्या, पेटीवर केतकी, तबल्यावर केतकीचा नवरा भार्गव, असा घरचाच ताफा. एरवी भार्गवचं दुचाकीच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान होतं आणि केतकी शाळेत गाणं शिकवायची. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मूल नव्हतं.

“बसा,” डॉक्टर नफीसा मुजावर म्हणाल्या. केंद्र त्यांच्याकडे होतं. बोलणं मऊ, पण आडपडदा नाही. “आकडा सांगण्याआधी हा काय ऐकतो ते सांगते. नाहीतर लोकांना वाटतं, पत्रिका बघितली.”

त्यांनी टेबलावरच्या पडद्यावर एक गोल दाखवला. चंद्रासारखा, कडेनं धूसर.

“हे फळलेलं अंडं. फळल्यावर पहिल्या काही तासांत याच्या आत कॅल्शियमची लाट उठते. या कडेनं निघते, त्या कडेला विरते. थोडा वेळ सगळं शांत. मग दुसरी लाट. प्रत्येक लाटेला अंड्याची कातडी इतकी बारीक थरथरते, की आपल्या कुठल्याच कानाला ती ऐकू यायची नाही. श्रोता ती थरथर मंद उजेडानं टिपतो. हात लावत नाही, टोचत नाही, नुसता ऐकतो. आजवर लाखो अंड्यांच्या लयी त्यानं ऐकल्यात, आणि त्यातली कुठली पुढे पोटात रुजली, कुठली नाही, हेही त्याला सांगितलेलं आहे. त्यावरून तो नव्या लयीची शक्यता सांगतो.”

“आणि याच्या आधी कसं करायचे?” भार्गवनं विचारलं.

“भिंगातून बघायचो. गोल आहे का, पेशी सारख्या आहेत का. म्हणजे गवयाचं तोंड बघून गाण्याला मार्क द्यायचे.” डॉक्टर हसल्या. “देखणा गर्भ पोटात ठेवायचो आणि पंधरा दिवसांनी ती बाई रडत यायची. पुन्हा सुया, पुन्हा ठेवणं, पुन्हा रडणं. हे यंत्र आल्यापासून माझ्याकडच्या बायकांच्या सुया निम्म्यावर आल्या. ज्यानं हे शोधलं त्याच्या आईवडिलांच्या पाया पडावं असं मला वाटतं. मुलगा की मुलगी हे मात्र विचारायचं नाही. त्याचा तो कान कायद्यानंच बंद ठेवलाय.”

मग त्यांनी आकडा सांगितला. तुमच्या अंड्यांपैकी एकच फळून पाचव्या दिवसापर्यंत टिकलं. ते गोठवून ठेवलंय. श्रोत्यानं त्याला दिलेत शंभरात चौदा.

खोलीत वातानुकूलन यंत्राचा आवाज होता, तो एकदम मोठा झाल्यासारखा वाटला.

“आता खर्च,” डॉक्टर म्हणाल्या, आणि हे सांगताना मात्र त्यांनी नजर पडद्यावर ठेवली. “पूर्वी सरकार सगळ्यांना ठरावीक रक्कम द्यायचं. वरचा खर्च ज्याचा त्यानं करायचा, आणि त्या वरच्या खर्चाला अंत नव्हता. श्रोता आल्यावर नियम बदलला. खजिना तेवढाच, पण त्यातून जास्तीत जास्त घरी पाळणे हलावेत. म्हणून पन्नासच्या वर आकडा आला तर सगळा खर्च सरकारचा. वीस ते पन्नास, निम्मा. आणि विसाच्या खाली…”

“आमचा आम्ही,” भार्गव म्हणाला.

“दोन लाख दहा हजार. पुढे जायचंच असेल तर. घाई नाही, गोठवलेलं आहे, विचार करा.”

केतकी खुर्चीत पुढे सरकली. ती म्हणाली, “मला ऐकवता का? त्यानं जे ऐकलं ते?”

असं कोणी मागत नसे. डॉक्टरांनी जरा शोधाशोध केली, काही तासांचं ध्वनिमुद्रण मिनिटाभरात बसेल असं वेगानं लावलं. आवाज नव्हताच तो खरं म्हणजे, यंत्रानं लयीला दिलेला एक ठोका होता, लाकडावर बोट वाजवल्यासारखा. पाच ठोके सारखे पडले. मग एक पडायला हवा होता तो पडला नाही. थांबलं. आता संपलं, असं वाटेपर्यंत थांबलं. आणि पुन्हा पाच.

“त्या थांबण्याचेच मार्क कापलेत त्यानं,” डॉक्टर हळूच म्हणाल्या.

भार्गवची बोटं मांडीवर चालायला लागली होती. पाच ठोके त्यानं बोटांनी दिले, आणि जिथे ठोका नव्हता तिथे तालाची खाली, म्हणजे मोकळी जागा, दाखवतात तसा तळहात हवेत उलटा केला. त्याचं त्यालाही ते कळलं नसावं. केतकीला कळलं.

*

नियम वाईट नव्हता, हे खरंच. ज्यांनी आयुष्यात दवाखान्याची पायरी या कामासाठी चढली नसती, अशा शेतमजुरांच्या, हमालांच्या घरी त्या तीन वर्षांत फुकटात मुलं झाली होती. पण एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. कोणाला किती खर्च आला, यावरून कोणाचा आकडा किती, हे आपोआप कळायचं. डॉक्टर तोंडातून अवाक्षर काढत नसत, पण बिल बोलायचं. हळदीकुंकवाला गेलं की बायका सहज विचारल्यासारखं विचारायच्या, “तुम्हाला किती पडले हो?” काही पडले नाहीत म्हणणारी ताठ बसायची. आकडा सांगणारी ओटीतले गहू निवडत राहायची. केतकीच्या धाकट्या बहिणीसाठी आलेल्या स्थळानं तर मध्यस्थाकरवी विचारलं होतं, थोरलीला केंद्रात किती भरावे लागणार आहेत म्हणून.

त्यामुळे घरी येताना दोघांचं ठरलं, अक्कांना एवढ्यात सांगायचं नाही. शिवाय अक्का तेव्हा भलत्याच खुशीत होत्या. या सरकारी योजनेच्या कार्यालयानं त्यांना कीर्तन सांगितलं होतं. विषय, श्रोता यंत्र आणि सरकारचं साहाय्य. किल्ल्याजवळच्या दत्ताच्या देवळापुढे मांडव.

“मी कुटुंबनियोजनावर कीर्तन केलंय, हुंड्यावर केलंय, हागणदारीवर केलंय,” अक्का सांगायच्या. “पण देवानं अंड्यात लय ठेवलीय आणि माणसानं ती ऐकली, यावर उभं राहायला मिळेल असं वाटलं नव्हतं. काय गं केतकी, काय बुद्धी दिलीय त्यानं माणसाला.”

त्यांनी आख्यान स्वतः रचलं. एक राजाचा माळी असतो. बी मातीत टाकण्याआधी तो ते कानाला लावतो. जे बी गुणगुणतं ते पेरतो, मुकं असेल ते बाजूला ठेवतो. त्याच्या बागेत एकही वाफा रिकामा दिसत नाही.

मांडव भरला होता. पूर्वरंगात अक्कांनी नाद म्हणजे काय ते असं काही मांडलं, की पुढे बसलेला योजनेचा अधिकारी टिपणं घ्यायचं विसरला. अडुसष्ट वर्षांची बाई, नऊवारी लुगडं, हातात चिपळ्या, आणि आवाज असा की शेवटच्या खांबापर्यंत न ओरडता जावा. केतकी पेटीवर बसून इतकी वर्षं तो आवाज ऐकत होती, आणि अजून तिच्या अंगावर काटा यायचा.

पूर्वरंग संपला, नामघोष झाला. आता रिवाजाप्रमाणे बुक्का लावायचा आणि कीर्तनकाराच्या गळ्यात हार घालायचा. यजमान हार घेऊन पुढे आले. अक्कांनी हात आडवा केला.

“आज हा माझ्या गळ्यात नको. ज्यांच्या लयीला श्रोत्यानं मान डोलावली, ज्यांचा पै न पै खर्च सरकारनं केला, त्या जोडप्यांना पुढे येऊ द्या. आजच्या हाराचे मानकरी ते. अहो अभयराव, लाजताय काय, या.”

हळदीचे व्यापारी अभय मगदूम आणि त्यांची बायको सन्मती उठले. त्यांच्या मागून आणखी चार-पाच जोडपी. अक्कांनी एकेकाच्या गळ्यात हार घातला, कपाळाला बुक्का लावला. टाळ्या होत होत्या. अक्कांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं.

मागच्या बाजूला निळ्या सदऱ्यातला एक माणूस आणि त्याची बायको उठले. मांडी घातलेल्या लोकांतून वाट काढत, खाली बघत, बाहेर गेले.

“बाबांनो, कीर्तनातून मधेच उठू नये,” अक्का प्रेमानंच म्हणाल्या. “आरतीपर्यंत थांबा.” ते थांबले नाहीत. अक्का पुन्हा मांडवाकडे वळल्या. “आणि एक हार मी केळीच्या पानात गुंडाळून बाजूला ठेवलाय. तो माझ्या सुनेचा. तिचीही वेळ आता जवळ आलीय.”

सगळा मांडव केतकीकडे बघून हसला, मायेनं. आणि पेटी बंद पडली.

एखाद-दोन क्षणच. केतकीचा डावा हात भात्यावर होता, तो हललाच नाही. भार्गवनं तबल्यावर पटकन एक तुकडा वाजवून ती पोकळी भरली, पाठोपाठ सूर परत आला. लोकांना काही कळलं नाही. पण अक्कांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. त्यानंतरचं आख्यान त्यांनी म्हटलं, नीट म्हटलं, माळ्याची बाग फुलवली. मात्र नेहमीसारख्या चिपळ्या वाजल्या नाहीत.

घरी आल्यावर लुगड्याचा पदर सोडवत अक्कांनी एकच विचारलं. “भाता का थांबला?”

“चौदा आलेत, अक्का,” केतकी म्हणाली. “सांगणार होतो.”

अक्का खाली बसल्या. केळीच्या पानातला हार त्यांच्या मांडीवर होता. बराच वेळ त्या त्याचा दोरा सोडत आणि परत बांधत राहिल्या.

“म्हणजे तो निळ्या सदऱ्याचा,” त्या शेवटी म्हणाल्या, “उठून गेला, तो मला कंटाळून नाही गेला.”

“नाही.”

“त्याला मी उठवलं. आणि वर त्यालाच शिकवलं, उठू नये म्हणून.” हार बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, “तुला उठता पण आलं नाही. पेटी होती पुढ्यात.”

*

दुसऱ्या दिवशी अक्का केंद्रात जायला निघाल्या, तेव्हा केतकी बरोबर गेली. अक्का रागावल्या तर सावरायला कोणीतरी हवं. पण अक्का रागावल्या नव्हत्या.

“डॉक्टर, ते निळ्या सदऱ्याचे पाव्हणे कोण? मला त्यांच्या घरी जायचंय.”

“गोदाक्का, ते मी सांगू शकत नाही. पेशंटची गोष्ट गुप्त असते.”

“तुम्ही सांगत नाही हो. पण मला काल कळलंच की. अख्ख्या मांडवाला कळलं. कोणाच्या गळ्यात हार नाही, ते.”

डॉक्टर मुजावरांनी चष्मा काढून पुसला. “हे मला दिसत नाही असं वाटतं का तुम्हाला? मी वर लिहून कळवलंय. सरकार म्हणतं, मग काय सगळ्यांना सारखं वाटू? जिथे रुजणारच नाही तिथे पैसा घातला, तर जिथे रुजेल तिथला एक पाळणा कमी होतो. आणि त्यांचंही चूक नाही.”

“सरकार पैसे देतं ते कोणाला? त्या जोडप्याला?”

“नाही. केंद्राला. वर्षाचे एकदम. सगळ्यांचे आकडे जमेस धरून.”

“आणि उरलेले जोडप्याकडून किती घ्यायचे हे कोण ठरवतं?”

“आमची समिती. पण ती आजवर ज्याची तूट त्याच्याकडून घेते. सरळ हिशेब.”

 अक्का म्हणाल्या, “आमच्यात आरतीचं तबक फिरतं. माझ्या सासऱ्यांनी त्यावर रुमाल टाकायची शिस्त घातली. कोणी नोट ठेवतं, कोणी रुपया, कोणाचा हात नुसताच रुमालाखाली जाऊन येतो. कोणाला काही दिसत नाही. तबक एक, देव एक, आमची बिदागी एक. तसं नाही का तुमच्यात होणार?”

“सगळ्यांची तूट सगळ्यांत वाटायची?” डॉक्टरांनी मान हलवली. “छान आहे अक्का, पण चालणार नाही. आपले बहात्तर आलेत, आपलं फुकट आहे, हे ज्याला कळलंय तो चौदावाल्यासाठी का भरील? आणि त्याला दोष कसा द्यायचा?”

केतकीला वाटलं, झालं, आता अक्का उठणार. अक्का उठल्या नाहीत. काचेपलीकडच्या पांढऱ्या ठोकळ्याकडे बघत होत्या. त्याचा हिरवा दिवा लागलेला होता, म्हणजे आत कोणाचं तरी काहीतरी ऐकणं चालू होतं.

“मग कळायच्या आधी फिरवा,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“तबक. आम्ही कीर्तन संपल्यावर फिरवतो. ऐकून झाल्यावर. तुम्ही ऐकण्याआधी फिरवा. श्रोत्यानं कान लावायच्या आधी. तेव्हा बहात्तरवाला कोण आणि चौदावाला कोण? सगळे सारखेच भ्यालेले असतात.”

डॉक्टर मुजावर खुर्चीत मागे रेलल्या. मग त्या हसायला लागल्या. थट्टेनं नव्हे, शाळेत एखादं गणित अचानक सुटल्यावर हसतात तसं.

“केतकी, तुझ्या सासूबाईंनी काय केलं कळलं का? विमा कशावर चालतो? न कळण्यावर. कोणाचं घर जळणार हे आधीच कळलं तर बाकीचे हप्ते भरतील का? हे यंत्र इतकं चांगलं ऐकायला लागलं, की त्यानं आमच्यातला विमाच मोडला. आणि या म्हणतात, यंत्र राहू दे, फक्त पैसे त्याच्या आधी घ्या.” हसता हसता त्या थांबल्या. “पण अक्का, एक आहे. जे आधी ऐकून बसलेत त्यांना यात घेता येणार नाही. नाहीतर सगळे आधी ऐकतील आणि मग यायचं की नाही ते ठरवतील. केतकीचं ऐकून झालंय.”

“मला ठाऊक आहे,” अक्का म्हणाल्या. “रात्री तेच लागलं होतं मनाला. म्हटलं, आपल्या घरासाठी मागायला आलो असं व्हायला नको. बरं झालं, नाहीच होत.”

केतकीनं सासूकडे पाहिलं. या बाईच्या मागे बसून तिनं इतकी वर्षं सूर धरला होता. तो आपण कशासाठी धरतो, हे तिला त्या क्षणी नव्यानं कळल्यासारखं झालं.

समितीची बैठक झाली तेव्हा सगळ्यांत आधी बोलले अभय मगदूम. ते समितीवर होते.

“गोदाक्का, परवा गळ्यात हार घातलात आणि आज खिशात हात घालताय.”

लोक हसले. अक्काही हसल्या. “तुमच्या खिशात नाही, अभयराव. तुमचं ऐकून झालं, तुम्ही सुटलात. पुढे येणाऱ्यांच्या.”

“पण ज्यांना फुकट मिळालं असतं त्यांनी का भरायचं?”

“फुकट मिळेल हे त्यांना ठाऊक कुठे आहे?”

अभयराव तोंड उघडणार, तेवढ्यात मागे बसलेल्या सन्मतीनं विचारलं. तिला पाचवा महिना होता. “डॉक्टर, आम्हाला पहिल्याला पासष्ट आले. दुसऱ्या खेपेलाही तेवढेच येतील का?”

“काही सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “प्रत्येक अंड्याची लय निराळी. दुसऱ्या खेपेला दहाही येतील.”

“मग आम्ही कुठे सुटलो?” सन्मती नवऱ्याला म्हणाली. “दुसऱ्या वेळी आम्ही पण ऐकण्याआधीचेच.”

अभयरावांनी कपाळाला हात लावला. “घरातूनच मत फुटलं. घाला आमचं नाव पाठिंब्यात.”

ठराव झाला. यापुढे येणाऱ्या प्रत्येक जोडप्यानं श्रोत्याआधी एकसारखी रक्कम भरायची. अठ्ठावीस हजार, झेपत नसेल त्याला हप्त्यानं. त्यानंतर आकडा काहीही येवो, वेगळं बिल नाही. आकडा जोडप्याला आणि डॉक्टरांना ठाऊक, तिसऱ्याला नाही. सरकारला त्यांचा हिशेब तसाच गेला, त्यांनीही हरकत घेतली नाही.

*

चारच दिवसांत डॉक्टर मुजावरांचा फोन आला. भार्गव आणि केतकी गेले.

“मला एक वाट दिसतेय,” त्या म्हणाल्या. “केतकी, तेव्हा काढलेल्यांपैकी तुझी सहा अंडी न फळवता गोठवलेली आहेत. ती श्रोत्यानं ऐकलेली नाहीत. त्यांच्यापुरते तुम्ही नवे. तबकात या, अठ्ठावीस हजार भरा, आपण नव्यानं सुरुवात करू.”

भार्गवचा चेहरा उजळला. एस. टी. स्टँडजवळच्या गाळ्याच्या अनामतीसाठी तो चार वर्षं पैसे साठवत होता. तेवढेच होते त्याच्याजवळ, दोन लाख दहा हजाराला जेमतेम पुरतील इतके.

“आणि ते चौदावालं?” केतकीनं विचारलं.

“ते सोडावं लागेल. ऐकलेलं राखून ठेवायचं आणि वर तबकातही यायचं, असं नाही करता येत. नियम तुमच्या अक्कांचाच आहे.” डॉक्टरांनी हे फार जपून म्हटलं. “शहाणपणाचं विचारशील तर नवी वाट. शक्यताही जास्त, खर्चही कमी. मी डॉक्टर म्हणून हेच सांगेन. निर्णय तुमचा.”

बाहेर बाकावर दोघं बसले. समोर काचेतून श्रोत्याचा दिवा दिसत होता.

“डॉक्टर बरोबर सांगतायत,” भार्गव म्हणाला.

“हो.”

“आपल्याला मूल हवंय. कुठल्या अंड्याचं, त्यानं काय फरक पडतो?”

“हे ऐकलंच नसतं तर नसता पडला.” केतकी थांबून म्हणाली, “तू हात उलटा केला होतास. मांडीवर ठोके देताना. जिथे ते थांबलं तिथे.”

“मी?”

“खाली दाखवलीस तू. तिथे चुकलंय असं नाही दाखवलंस.”

“केतकी, मी तबलजी आहे. मला थांबलेलं सगळंच खाली वाटतं. त्यानं चौदाचे पंधरा होत नाहीत.”

“नाही होत. मला पण ठाऊक आहे, बहुतेक नाहीच रुजायचं.” तिनं त्याच्याकडे वळून पाहिलं. “पण ते म्हणायला लागलंय रे. आपण बसून ऐकलंय. आता मधेच उठून जायचं?”

 बाकाच्या लाकडावर भार्गवची बोटं पाच ठोके वाजवून थांबली. या वेळी त्याच्या लक्षात आलं. त्यानं तळहाताकडे पाहिलं आणि तो हळूच उलटा केला.

“गाळा काय,” तो म्हणाला, “पुढेमागे मिळेल कुठेतरी. त्या कोपऱ्याला ऊन पण फार लागतं.”

*

चौदावालं केतकीच्या पोटात ठेवलं, त्यानंतर पंधराव्या दिवशी अक्कांचं पुन्हा त्याच मांडवात कीर्तन होतं. त्याच दिवशी दुपारी केंद्रातून निकाल आला. रक्ताची तपासणी झाली होती, रुजलं की नाही हे त्यात होतं. केतकीनं फोनवर निरोप आलेला पाहिला आणि तो न उघडताच फोन पेटीच्या खोक्यात ठेवला.

“बघत का नाहीस?” भार्गवनं विचारलं.

“आरती झाल्यावर.”

मांडव भरला. अक्कांनी नमन केलं आणि नेहमीचा क्रम मोडला. कीर्तन सुरू व्हायच्या आधीच तबक मागवलं, त्यावर स्वच्छ रुमाल टाकला आणि लोकांत सोडलं. लोक आधी चक्रावले, मग हात रुमालाखाली जायला लागले. तबक फिरत फिरत मागच्या रांगेत गेलं. तिथे निळ्या सदऱ्याचा माणूस आणि त्याची बायको बसले होते. अक्कांना ते दिसले. त्यांनी नुसते हात जोडले, नाव घेतलं नाही, बोलावलं नाही. त्या माणसानंही जोडले.

पूर्वरंग झाला. नामघोष झाला. यजमान हार घेऊन आले. अक्कांनी तो दोन्ही हातांत घेतला, गादीवरून खाली उतरल्या आणि पेटीपाशी आल्या. मांडवात कुजबूज झाली.

केतकीनं मान वर केली. “अक्का, निकाल अजून ऐकलेला नाही.”

“म्हणूनच,” अक्का म्हणाल्या, आणि त्यांनी हार तिच्या गळ्यात घातला. बुक्क्याचं बोट कपाळाला लावलं, ते जरा जास्त वेळ तिथेच राहिलं.

मग त्या वळून गादीवर गेल्या आणि आख्यानाला उभ्या राहिल्या. तेच आख्यान, राजाच्या माळ्याचं. फक्त या वेळी माळी म्हातारा झाला होता. एक दिवस त्यानं बाजूला ठेवलेलं मुकं बी पुन्हा कानाशी नेलं, आणि न ऐकताच आधी त्याच्यासाठी वाफा खणला, पाण्याचा पाट वळवला. पुढे काय झालं, हे सांगण्याआधी अक्कांनी साथीला खूण केली.

भार्गवनं ठेका धरला. पाच ठोके, आणि मग एक न वाजलेला. इतक्या वर्षांत अक्कांनी असला ठेका ऐकला नव्हता. त्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा हार घातलेल्या सुनेकडे. केतकीचा भाता हलत होता, सूर भरून येत होता. पाच ठोके पडले. ती मोकळी जागा आली. अक्कांनी चिपळ्या उचलल्या आणि घाई न करता, त्या जागेवर, त्या थांबल्या.